वाजवून नको, सराव करून दाखवा

गेली दोन वर्षे मी ज्या शिक्षिकेकडे पियानो शिकत आहे, त्यांच्या शिकवणीविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. त्या स्वतःच्या घरी खासगी शिकवण्या घेतात, कोठेही जाहिरात करत नाहीत आणि आपले नाव असे सर्वांसमोर यावे हे त्यांना आवडणार नाही, म्हणून येथे मी त्यांना नुसते 'बाई' म्हणेन. नाव नसलेल्या शिकवणीचा अभिप्राय वाचून काय साधणार, असे कोणी विचारेल. त्यांच्या शिकवण्यात मला जे सापडले ते कोणत्याही खासगी शिक्षकात शोधता येते, आणि ते शोधायचे असते हेच मला आधीची तीन वर्षे माहीत नव्हते. ती तीन वर्षे परत मिळणार नाहीत. निदान दुसऱ्या कोणाची तरी वाचावीत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते.

मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पियानोला हात लावला. पहिले शिक्षक मी निवडले ते बहुतेक लोक निवडतात तसेच: वादक म्हणून नाव चांगले, पदवी मोठी, घर जवळ आणि माझ्या सोयीची वेळ त्यांच्याकडे मोकळी. ते खरोखरच उत्तम वाजवतात. तासाला गेल्यावर आधी मी वाजवत असे, मग "असं नाही, असं" म्हणून ते वाजवून दाखवत, आणि ते इतके सुंदर असे की ऐकता ऐकता आपण काहीतरी शिकलो असे मला वाटे. घरी येऊन बसले की त्यातले काहीच हाती उरलेले नसे. पुढच्या तासाला तीच चूक, तेच वाजवून दाखवणे आणि निघताना तेच वाक्य: "आणखी सराव करा." सराव म्हणजे रचना पहिल्यापासून वाजवायची आणि अडखळले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, अशी माझी समजूत होती आणि ती तीन वर्षांत कोणी दुरुस्त केली नाही. त्यामुळे माझी प्रत्येक रचना सुरुवातीला गुळगुळीत आणि शेवटाकडे खडबडीत असे.

मध्यंतरी मी एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षामंडळाची एक ग्रेड परीक्षा दिली. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या वादन परीक्षेला १५० गुण असतात. त्यांपैकी ९० गुण तीन रचनांचे, २१ स्केल (क्रमाने चढत-उतरत जाणारे स्वर) व आर्पेजिओंचे (मधले स्वर सोडून एकामागून एक वाजवलेले स्वर), २१ साइट रीडिंगचे, म्हणजे न पाहिलेली ओळ समोर ठेवल्यावर वाचून वाजवण्याचे, आणि १८ कानाच्या चाचणीचे. उत्तीर्ण होण्यासाठी १०० गुण लागतात. वर्षभर आम्ही फक्त त्या तीन रचना घोटल्या आणि त्या जोरावर मी उत्तीर्ण झाले. साइट रीडिंगमध्ये मात्र २१ पैकी ९ गुण मिळाले. यात परीक्षेचा दोष नाही. गुणांची ही विभागणीच सांगते की वाचन आणि कान हे वादनाचेच भाग आहेत. दोष होता तो वर्षाचे बावन्न आठवडे तीन पानांवर घालवण्याचा. वर्ष संपले तेव्हा त्या तीन रचनांहून सोपी अशी चौथी रचना कोणी समोर ठेवली असती, तर ती मला कोणाच्या मदतीशिवाय वाचता आली नसती, आणि हे उमजले तेव्हा प्रमाणपत्राचा आनंद फार टिकला नाही.

दुसऱ्यांदा शोध घेताना मी घाई केली नाही. एका मैत्रिणीच्या घरी तिचा अपराइट, म्हणजे उभ्या पेटीचा, पियानो ट्यून करायला एक गृहस्थ आले होते, त्यांना मी विचारले की ज्यांच्याकडे वाद्य नीट राखलेले असते असे शिक्षक कोण. हा प्रश्न सहज सुचला होता, पण आता वाटते की शिक्षक शोधणाऱ्याने सर्वांत आधी ट्यूनरलाच गाठावे. पियानोत सुमारे २३० तारा असतात, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा असतो आणि हवेतला दमटपणा कमीजास्त झाला की आतली लाकडी ध्वनिपटलाची फळी फुगते किंवा आकसते, त्यामुळे कोणी हात लावला नाही तरी वाद्य उतरतेच. जो शिक्षक ते वेळोवेळी लावून घेत नाही, त्याचे विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे बेसूर स्वर ऐकत शिकतात आणि तोच स्वर त्यांच्या कानात खरा म्हणून बसतो. त्या गृहस्थांनी दोन नावे सांगितली. एकीविषयी ते म्हणाले, "या वर्षातून दोनदा बोलावतात, आणि हातोड्यांच्या फेल्टला चरे पडले की मी सांगायच्या आधी त्याच सांगतात." मला एवढी शिफारस पुरेशी वाटली. पूर्वीच्या शिक्षकांच्या वाद्यावर खालच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या अडकत असत आणि त्या टाळून वाजवायची आम्हा सगळ्यांना सवय झाली होती.

बाईंशी बोलण्याआधी मी त्यांच्या विद्यार्थ्यांचा वार्षिक कार्यक्रम ऐकला. अशा कार्यक्रमात सर्वांत चांगले वाजवणाऱ्या मुलाकडे पाहून फारसे काही कळत नाही. एखादे गुणी मूल कोणत्याही शिक्षकाकडे चमकते. मधल्या फळीतल्या विद्यार्थ्यांकडे पाहावे. तेथे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा रचनेच्या मध्यावर वाट चुकला. त्याने हात उचलले नाहीत, तो पहिल्यापासून सुरू झाला नाही की मागे वळून आईकडे बघितले नाही. क्षणभर थांबून त्याने पुढच्या ओळीची सुरुवात पकडली आणि शेवटपर्यंत वाजवले. या मुलाला रचनेच्या आत शिरायच्या अनेक जागा कोणीतरी मुद्दाम दाखवल्या आहेत, हे मला त्या वेळी नेमके शब्दांत सांगता आले नसते, पण जाणवले नक्की.

फोनवर मी बाईंना फी, वेळ आणि पद्धत विचारली. त्यांनी थोडक्यात उत्तरे दिली आणि मग मलाच प्रश्न विचारले: घरी वाद्य कोणते आहे, पट्ट्या वजनदार आहेत की कीबोर्डसारख्या हलक्या, दिवसातल्या कोणत्या वेळी कोणाला त्रास न होता वाजवता येते, आतापर्यंत कोणाकडे आणि कशा रीतीने शिकले, आणि आणखी दोन वर्षांनी काय वाजवता यावे असे मला वाटते. यांतला एकही प्रश्न पहिल्या शिक्षकांनी विचारला नव्हता. माझ्याकडे ८८ वजनदार पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो आहे हे ऐकून त्या म्हणाल्या, "पुरेसा आहे. त्यावर खर्च करू नका, स्टूलची उंची तेवढी बघा." नव्या विद्यार्थ्याला लगेच महागडे वाद्य घ्यायला लावणाऱ्यांविषयी मी ऐकले होते, म्हणून हे उत्तर लक्षात राहिले. मात्र ६१ हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकणाऱ्यांना काही महिन्यांनी वाद्य बदलण्याची तयारी ठेवा असे त्या स्पष्ट सांगतात, कारण हलक्या पट्टीवर बोटाला वजनाचा अंदाजच येत नाही.

पहिला तास ओळखीचा होता, आणि त्याची फी त्यांनी घेतली. पहिला तास फुकट असावा असा काहींचा आग्रह असतो. मला तो महत्त्वाचा वाटत नाही. त्या पाऊण तासात मला जे कळले ते आधीच्या तीन वर्षांत कळले नव्हते.

मी जी मेजरमधला एक मिन्युएट, म्हणजे जुन्या नृत्याच्या चालीची छोटी रचना, वाजवून दाखवला. पियानो शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण तो कधी ना कधी वाजवतो. संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या घरातल्या, त्यांच्या पत्नी आना माग्डालेना यांच्या १७२५ च्या वहीत तो आहे आणि त्यामुळे बराच काळ बाखचाच समजला जात होता, पण तो क्रिस्टियान पेत्सोल्ड या दुसऱ्या संगीतकाराचा आहे. बाईंनी मध्ये अडवले नाही, शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "आता वाजवून नको, सराव करून दाखवा. दहा मिनिटं. मी इथे नाही असं समजा." त्या खिडकीजवळच्या खुर्चीत पेन्सिल आणि कागद घेऊन बसल्या.

मला अवघडल्यासारखे झाले. सराव ही खासगी गोष्ट आहे असे मला वाटत होते, आणि ती कोणाला दाखवण्यासारखी आपण करत नाही हेही कोठेतरी ठाऊक होते. मी नेहमीप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केली. दहा मिनिटांनी बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर रेघा मारलेल्या होत्या. मी नऊ वेळा सुरुवात केली होती, सहा वेळा आठव्या बारापर्यंत (बार म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधला भाग) पोहोचले होते, आणि सहाही वेळा तेथेच अडखळले होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे दहा मिनिटांत तुम्ही पहिला बार नऊ वेळा पक्का केलात, आणि आठव्या बारातली चूक सहा वेळा पक्की केलीत."

आठव्या बारात उजवा हात एका लांब स्वरावर थांबतो आणि तोवर मोजक्या स्वरांवर चालणाऱ्या डाव्या हाताला अचानक धावावे लागते. बाईंनी उजवा हात मांडीवर ठेवायला सांगितला. डाव्या हाताने फक्त आठवा बार आणि नवव्याचा पहिला स्वर, एवढेच, आणि तेही इतक्या संथ लयीत की चूक होणे शक्यच होऊ नये. कोणत्या बोटाने कोणती पट्टी हे त्यांनी पेन्सिलीने आकडे घालून ठरवून दिले. सलग पाच वेळा बरोबर आल्यावर सातव्या बारापासून, मग सहाव्यापासून, मग पाचव्यापासून. म्हणजे दर वेळी एक पाऊल मागे जाऊन ओळखीच्या जागेकडे चालत यायचे. त्यानंतर दोन्ही हातांनी. साधारण सहा मिनिटे लागली असतील. तीन वर्षे मला सतावणारा तो बार त्या दिवशी सुटला, आणि घरी जाऊन वाजवला तेव्हाही सुटलेलाच होता. घरी जाऊनही तो सुटलेला राहिला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. आठवड्यात बाईंपुढे मी पाऊण तास असते, बाकी सहा दिवस माझी शिक्षिका मीच असते. त्या सहा दिवसांत काय करायचे हे जो शिकवत नाही, त्याच्याकडे पाऊण तास कितीही चांगला गेला तरी तो दारातून बाहेर पडताच संपतो.

त्याच रचनेच्या पहिल्या बारावर आम्ही पुढचे दोन तास घालवले. उजव्या हातात आधी एक मोठा स्वर येतो आणि मग त्याच्या निम्मे असे चार. जी हा षड्ज धरला तर ती ओळ प, सा रे ग म आणि पुढच्या बारात पुन्हा प अशी आहे. मी ते चार स्वर बरोबर, सारख्या अंतराने आणि निर्जीवपणे वाजवत असे. बाईंनी विचारले, "हे चार स्वर निघालेत कुठे?" मी गाऊन पाहिले तेव्हा कळले की ते पुढच्या पंचमाकडे चढत चालले आहेत, गाताना श्वास आपोआप तेथपर्यंत पुरवला जातो, बोटांना मात्र बारची उभी रेघ दिसते आणि ती तेथे थांबतात. तिसऱ्या बारात हीच चाल वरून येते: ध, म प ध नी आणि मग तार सप्तकातला सा. पहिल्या चालीहून दुसरी एक पायरी उंच जाते आणि शिखर गाठते, हे एकदा कानांना कळल्यावर कोठे जोर द्यायचा हे कोणी सांगावे लागत नाही. बाई प्रत्येक ओळ आधी गायला लावतात. माझा आवाज चांगला नाही आणि सूर सगळेच लागत नाहीत. त्यांना त्याची फिकीर नाही. ओळ कोठे जाते ते कळले आहे की नाही एवढेच त्या ऐकतात.

हात आणि मनगट यांच्याविषयी त्यांनी जे केले ते मी आणखी कोणाकडे पाहिलेले नाही. मी पट्ट्या दाबून धरत असे, विशेषतः मोठ्या आवाजाच्या जागी, आणि अर्ध्या तासात हात भरून येई. "हात सैल सोडा" हे वाक्य मी तीन वर्षे ऐकले होते. त्याने हात सैल होत नाही. बाईंनी उठून अपराइटची पुढची फळी काढली आणि मला एकच पट्टी अगदी हळू दाबायला सांगितली. पट्टी तळापर्यंत गेली आणि आवाज आलाच नाही. मग नेहमीसारखी वाजवायला सांगितली आणि हातोडीकडे बघायला सांगितले. तारेच्या अगदी जवळ येऊन हातोडी पट्टीपासून सुटते, शेवटचे अंतर स्वतःच्या वेगाने तोडते, तारेवर आदळून मागे येते, आणि हे सारे डोळ्यांचे पाते लवण्याआधी झालेले असते. १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी जे वाद्य बनवले त्याचा गाभा हीच सुटका होय. तिच्यामुळेच बोटाच्या वेगाप्रमाणे आवाज लहान-मोठा होतो. मी पट्टी दाबूनच धरली होती. बाई म्हणाल्या, "हातोडी केव्हाच परत आलीय. आता हे दाबणं कोणासाठी?" पट्टी खाली असेपर्यंत दमनक, म्हणजे तारेचा आवाज थांबवणारा भाग, तारेपासून वर राहतो, म्हणून बोट उचलायचे नाही हे खरे, पण त्यासाठी बोटाचे नुसते वजन पुरते, जोर लागत नाही. तेव्हापासून हात भरून येणे जवळजवळ थांबले. डोळ्यांनी एकदा पाहिलेली गोष्ट हाताला शंभर वेळा सांगावी लागत नाही.

स्केल शिकवण्याची त्यांची रीतही मला पटली. बहुतेकांप्रमाणे मीही सी मेजरपासून सुरुवात केली होती, कारण त्यात सगळ्या पट्ट्या पांढऱ्या आणि कागदावर ती सर्वांत सोपी. बाईंनी बी मेजर आधी घेतली. तिच्या सात स्वरांतले पाच काळ्या पट्ट्यांवर आहेत, म्हणून वाचायला ती भीतिदायक; हाताला मात्र सर्वांत सोयीची, कारण लांब बोटे उंच काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात आणि आखूड अंगठ्याच्या वाट्याला दोनच पांढऱ्या पट्ट्या येतात. संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना याच स्केलपासून सुरुवात करून देत आणि सी मेजर सर्वांत शेवटी ठेवत, हे मला बाईंकडूनच कळले. पंधरा दिवसांत मी ती डोळे मिटून वाजवू लागले. अंगठा खालून नेताना कोपर उडण्याची माझी जुनी सवयही यातच सुटली.

प्रत्येक तासाच्या शेवटी पाच मिनिटे वहीसाठी राखलेली असतात. वहीत बाई लिहीत नाहीत, मी लिहिते: पुढच्या आठवड्यात कोणत्या बारांवर काम करायचे, कोणत्या लयीत, आणि ते जमले हे मला कशावरून कळेल. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड असतो. "नीट येईपर्यंत" असे लिहिले की त्या खोडायला लावतात. "मेट्रोनोम ६० वर, सलग चार वेळा, न थांबता" असे चालते (मेट्रोनोम म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र; ६० म्हणजे मिनिटाला ६० ठोके). तीनपेक्षा जास्त ओळी त्या लिहू देत नाहीत. साइट रीडिंग रोज पाच मिनिटे, नवी आणि सोपी ओळ, एकदाच वाजवायची आणि पान उलटायचे. या एका सवयीने दीड वर्षात माझे वाचन जेवढे सुधारले तेवढे मला शक्य वाटत नव्हते.

माझ्या धाकट्या बहिणीने त्याच सुमारास पाश्चात्त्य पद्धतीच्या गायनासाठी शिक्षक शोधला. गळ्याच्या बाबतीत निवड चुकली तर भोगावे जास्त लागते, कारण वाद्य बदलता येत नाही. पियानोच्या मध्य सीच्या वरचा ४४० हर्ट्झचा ए गाताना ध्वनितंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर येतात. त्या वेगात घसा आवळून गाणे म्हणजे तंतूंवर घाव घालणे. तिच्या पहिल्या शिक्षकाकडे प्रत्येक तासानंतर तिचा आवाज बसत असे आणि "सुरुवातीला असं होतंच" असे तिला सांगितले जाई. तसे होता कामा नये. आवाज बसणे तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर शिक्षकाचे न ऐकता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, आणि जो शिक्षक स्वतःहून तेथे पाठवतो त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा. आरशाच्या साहाय्याने जिवंत माणसाचे ध्वनितंतू चालताना पाहण्याची रीत १८५४ मध्ये ज्यांनी शोधली, ते मॅन्युएल गार्सिया गायनाचे शिक्षकच होते. बहिणीच्या आताच्या शिक्षिकेने पहिल्या तासाला एकही गाणे घेतले नाही. आवाजाचा पल्ला पाहिला, कोठे ओढ बसते ते टिपले आणि वीस मिनिटांनी पाणी प्यायला थांबवले. मी हे ऐकले तेव्हा मला बाईंचा पेन्सिलीच्या रेघांचा कागद आठवला. दोघींनी शिकवण्याआधी पाहिले होते.

आता उणिवांविषयी. बाईंची गती संथ आहे, आणि ज्याला लवकर काही वाजवून दाखवायचे आहे त्याचा येथे हिरमोड होईल. पहिल्या चार महिन्यांत मी एकही नवी रचना पूर्ण केली नाही. जुन्याच दोन उसवून पुन्हा शिवल्या. त्या काळात मला दोनदा सोडून द्यावेसे वाटले होते, आणि बाईंनी याची पूर्वकल्पना दिली असती तर तो काळ थोडा सुसह्य झाला असता. कानाने ऐकून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बसवणे, गाण्यांना साथ करणे, उत्स्फूर्त वादन यांत त्यांना रस नाही. "ते माझं काम नाही, दुसऱ्याकडे शिका" असे त्या सरळ सांगतात. प्रामाणिकपणा म्हणून हे मला आवडते, पण ज्याला तेच हवे आहे त्याने येथे येऊ नये. स्तुती त्या फार कमी करतात. मोठ्यांना ते चालते; बुजऱ्या मुलांना कसे वाटत असेल याविषयी माझ्या मनात शंका आहे, जरी त्यांची मुले आनंदाने येताना दिसतात.

तास रद्द करण्याचा नियमही कडक आहे: चोवीस तास आधी कळवले नाही तर फी जाते. एकदा मला पहाटे ताप चढला आणि तास गेला. तेव्हा राग आला होता. पण नियम पहिल्याच दिवशी लिहून दिलेला होता, सर्वांना सारखा लागू होता, आणि बाई स्वतः आजारी पडल्या तेव्हा त्यांनी न मागता तास भरून दिला, म्हणून माझी तक्रार उरली नाही. शिकवणी सुरू करताना रद्द करणे, सुट्ट्या, फीवाढ आणि शिकवणी सोडण्याची मुदत या चार गोष्टी लेखी घ्याव्यात. शिक्षक-विद्यार्थ्यांमधली बहुतेक कटुता मी येथूनच सुरू होताना पाहिली आहे.

प्रवासात असताना मी काही तास ऑनलाइन घेतले. बाई ते अडचणीपुरतेच घेतात आणि मला त्यांचे म्हणणे पटले. बोटांचे क्रमांक, वाचन, वहीतली कामे हे सगळे पडद्यावर नीट होते. पण आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे दोघांनी एकत्र वाजवणे अशक्य होते, आणि व्हिडिओ कॉलचे सॉफ्टवेअर मोठा-लहान आवाज एकसारखा करून टाकत असल्याने स्पर्शातला फरक त्यांच्यापर्यंत जातच नाही. ज्यांच्या जवळपास चांगला शिक्षक नाही त्यांनी ऑनलाइन जरूर शिकावे, मात्र हातांवर वरून एक आणि कडेने एक असे दोन कॅमेरे ठेवावेत. नुसता चेहरा दाखवून पियानो शिकता येत नाही.

पदव्यांविषयी मला अनेक जण विचारतात. खासगी शिकवणीला बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही, म्हणून पदवी पाहणे चुकीचे नाही. पण वादनाची पदवी आणि शिकवण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला ती गोष्ट लहानपणीच सहज आली, त्याला ती न येणे म्हणजे काय असते हे कळायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. बाई मैफली करत नाहीत. त्यांनी माझ्यासमोर एखादी रचना पूर्ण वाजवल्याचे मला दोन वर्षांत तीनदाच आठवते. पहिल्या शिक्षकांकडे मी दर आठवड्याला उत्तम पियानो ऐकत असे. येथे दर आठवड्याला माझा स्वतःचा पियानो ऐकते, आणि तो ऐकण्यासारखा व्हायला लागला आहे.

नव्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्याकडे जागा क्वचितच निघते. मला पाच महिने थांबावे लागले होते. या आठवड्याच्या माझ्या वहीत तीन ओळी आहेत. बारावा ते चौदावा बार, डावा हात एकटा, ५२ वर, सलग चार वेळा. विसाव्या बारात पायाचे पेडल बेस (सर्वांत खालच्या) स्वराच्या नंतर बदलायचे, आधीचा स्वर पुढच्यात मिसळला नाही तर जमले. शेवटची ओळ गायची, मग वाजवायची. पहिल्या दोन झाल्या आहेत.